सूर्यास्तापूर्वीचे ताट

आमच्या घरी संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते. जालन्यात डिसेंबरच्या आरंभी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सात वाजून गेल्यावर. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे घड्याळ याच हिशेबाने चालत असेल. लेकरांसोबत एका पंगतीला बसण्याची दिवसातील ती एकच वेळ. आणि माझ्या नोकरीच्या काळात नेमकी तीच माझ्या हाती नव्हती.

१९९० च्या सुमारास मी अंबड येथील शाखेत होतो. संगणक नव्हते. दिवसभराच्या नोंदी हाताने लेजरमध्ये चढवायच्या, रोकड मोजून तिजोरी बंद करायची आणि दोन्ही बाजूंचा मेळ बसल्याखेरीज उठायचे नाही. फरक साठ पैशांचा असला तरी तो शोधण्यात तास जाई. पाच वाजता मी टेबलावरच डबा खाऊन घेई. नेम पाळला जाई. एसटीने जालन्यास पोहोचेपर्यंत दिवे लागलेले असत.

मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती, मुलगा दोन. आमच्या सौ. सांगत, मुलगी रोज आपल्या ताटाशेजारी माझे रिकामे ताट मांडते. पप्पांची जागा दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून. मला त्याचे कौतुक वाटे. पुढे केव्हातरी ते ताट मांडले जाणे बंद झाले. कोणत्या दिवशी, हे मला ठाऊक नाही, सौ.नाही आठवत नाही. बँकेत दहा रुपयांच्या व्यवहारालाही तारीख आणि सही असे. या गोष्टीची नोंद कुठेच नाही.

इतकी वर्षे मी याचा दोष नोकरीला देत आलो. गेल्या पर्युषणात मुलगी माहेरी आली असता हा विषय निघाला. मी एसटीचे, लेजरचे सांगू लागलो. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, शनिवारी तर तुमची बँक अर्धा दिवस असायची. रविवारी तुम्ही दिवसभर घरीच होतात. पण सकाळी वर्तमानपत्र, दुपारी सीएआयआयबीचा अभ्यास; आणि आम्ही जवळ आलो की, जरा बाहेर जाऊन खेळा."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. परीक्षा उत्तीर्ण झालो, बढतीही मिळाली. पण रविवार माझाच होता, आणि तो मीच खर्च केला होता.

आज नियम बदलले आहेत. बँकेतील पित्यांना २०१५ च्या वेतन करारापासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते. दुसरा व चौथा शनिवारही त्याच वर्षापासून सुट्टीचा झाला. आमच्या वेळी यातले काही नव्हते. मात्र असते, तरी त्या शनिवारी मी अभ्यासच केला असता, हे आता कबूल करावेसे वाटते.

मुलगा पुण्यास असतो, घरूनच काम करतो. दिवाळीत सर्वजण जेवावयास बसलो होतो. चार वर्षांचा नातू त्याला काहीतरी सांगत होता आणि मुलाची नजर मोबाइलवर होती. उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, म्हणून मी फक्त त्या रिकाम्या ताटाची गोष्ट सांगितली. त्याला ती माहीत नव्हती. तो उठला आणि मोबाइल आतल्या खोलीत ठेवून आला. दुसऱ्या दिवशी मोबाइल पुन्हा ताटाशेजारी होता. सवय एका दिवसात जात नाही. पण त्याने तो पालथा ठेवला होता, आणि नातवाची गोष्ट पूर्ण ऐकली.

ज्यांच्या घरी आज चार-पाच वर्षांची लेकरे आहेत, त्यांना एवढीच विनंती: आज संध्याकाळी ताटे मांडताना ती कोणासाठी जागा धरून ठेवतात, ते पाहा. आणि ती जागा आपली असेल, तर वेळेत जाऊन बसा.