कृष्णविवराची खातेवही

हल्ली कशालाही कृष्णविवर म्हणायची पद्धत पडली आहे. रस्तेदुरुस्तीवर खर्ची पडलेला निधी, कचेरीत गडप झालेला अर्ज, मेव्हण्याला दिलेले उसने पैसे. सगळे कृष्णविवरात गेले म्हणायचे आणि गप्प बसायचे. अर्थ साऱ्यांनी एकच धरला आहे : गेले ते गेले, तिथून प्रकाशसुद्धा परत येत नाही. आकाशातल्या खऱ्या कृष्णविवराबाबत ही समजूत निम्मीच खरी आहे. उरलेली निम्मी गोष्ट घराघरांतून सांगितली जात नाही, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

आधी खरी असलेली निम्मी. पृथ्वीवरून कायमचे निसटायचे तर सेकंदाला सुमारे ११.२ किलोमीटर वेग लागतो. तेवढेच वजन लहान जागेत कोंबले की हा मुक्तिवेग वाढत जातो. आपला सूर्य दाबून दाबून तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात बसवता आला, तर तो वेग थेट प्रकाशाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटरला जाऊन भिडेल. त्या सीमेला घटनाक्षितिज म्हणतात. तिथे भिंत नाही, कुलूप नाही. अवकाशच असे वाकलेले की आत गेल्यावर सगळ्या वाटा आणखी आतच जातात. मग २०१९ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांतून छापून आलेला तो नारिंगी कड्याचा फोटो कसला, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. एम-८७ या साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतले ते विवर. पण चित्रात उजळलेला आहे तो उंबरठ्याबाहेरचा तप्त वायू. विवर म्हणजे मधला काळोख.

आता दुसरी निम्मी. १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. कृष्णविवरांचे स्फोट, असे त्याचे शीर्षक आणि पुढे प्रश्नचिन्ह. (त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेने बाजी मारली. टोपणनावाने ती धाडणारे गृहस्थ होते जयंत नारळीकर!) त्याआधी जेकब बेकेनस्टाईन या तरुण संशोधकाने, विवरालाही एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचे माप असले पाहिजे, असे म्हटले होते. हॉकिंग त्यावर वैतागले. एन्ट्रॉपी आली की तापमान आले, आणि तापमान असलेली वस्तू थोडी तरी उष्णता बाहेर टाकणारच. विवर कशी टाकील? पण पुंजभौतिकीचे गणित त्यांनी स्वतः मांडले, तेव्हा उत्तर आले : टाकते.

हे प्रारण क्षितिजाच्या आतून निसटलेले नव्हे. ते उमटते बाहेर, क्षितिजालगतच्या पोकळीत. खर्च मात्र विवराच्या वस्तुमानातून वळता होतो. म्हणजे कुलूप शाबूत आणि तरीही शिल्लक कमी! बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून दचकायला होते.

रकमा मात्र हास्यास्पद आहेत. सूर्याएवढ्या विवराचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या एक कोटीव्या भागाइतकेही भरत नाही. अवघे विश्व २.७ अंशांच्या जुन्या प्रारणाने भरलेले आहे, त्यामुळे असे विवर आज जेवढे गमावते त्याहून कितीतरी अधिक कमावते. ही आवक थांबली तरी ते पुरते विरून जायला एकावर सदुसष्ट शून्ये इतकी वर्षे लागतील. आकाशातल्या विवराचे हे प्रारण आजवर कुणी मोजलेले नाही. हॉकिंग यांना त्यासाठी नोबेल मिळाले नाही, आणि २०१८ मध्ये ते गेले. तेव्हा मुलांसाठी लिहिताना जे लेखक ‘सिद्ध झाले आहे’ असे ठोकून देतात, त्यांच्याशी माझे भांडण आहे. ‘काहीच बाहेर येत नाही’ म्हणणाऱ्यांशी आहे तेवढेच.

माझा जीव अडकला आहे तो वेगळ्याच मुद्द्यात. विवरात एक पुस्तक टाकले आणि अब्जावधी युगांनी विवर विरून गेले, तर पुस्तकातला मजकूर कुठे गेला? हॉकिंग यांचे १९७६ मधले उत्तर होते : कायमचा नष्ट. पुंजभौतिकीला हे चालत नाही. तिच्या वहीत नोंद विस्कटेल, ओळखू येणार नाही, पण पुसली जाणार नाही. आम्ही बँकेत वर्षानुवर्षे थकलेले कर्ज एके दिवशी सुस्कारा टाकून बुडीत खात्यात ढकलत असू. हे भौतिकीवाले तसे करायला तयार नाहीत. कुणी कधी न पाहिलेल्या उष्णतेच्या हिशेबात फरक लागतो म्हणून बुद्धिमान माणसांनी चाळीस-पन्नास वर्षे वह्या चाळत बसावे, या हट्टाचे मला अपार कौतुक वाटते. २०१९ पासूनच्या काही गणितांतून मजकूर त्या प्रारणातूनच हळूहळू बाहेर पडत असावा, असे संकेत मिळाले आहेत. नेमका कसा, याचा उलगडा व्हायचा आहे.

१९९७ मध्ये यावर पैज लागली होती. मजकूर नष्ट होतो म्हणणारे हॉकिंग आणि किप थॉर्न एका बाजूला, जॉन प्रेस्किल दुसऱ्या. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला त्याच्या आवडीचा विश्वकोश द्यायचा. २००४ मध्ये डब्लिनच्या परिषदेत हॉकिंग यांनी हार कबूल केली आणि प्रेस्किल यांना बेसबॉलचा जाडजूड कोश दिला. कोश जाळून नुसती राखच द्यायला हवी होती, अशी कोटीही त्यांनी नंतर केली. मजकूर तिच्यातही असणारच ना! थॉर्न यांनी मात्र त्या वेळी हार मानायला नकार दिला.