शिंजिरास साखरपाणी द्यावे काय?

आपल्या खडवलीकडे भातसेकाठच्या एका वाडीत ओसरीला साखरपाण्याची तांबडी बाटली टांगलेली नुकतीच माझ्या पाहण्यात आली. पाणी गढूळले होते, तोटीला काळी बुरशी धरली होती आणि बाटलीवर मुंग्यांची रांग लागली होती. हेतू पक्ष्यांवर दया करण्याचा खरा. परंतु अशी दया अपायकारकच होय.

ही चाल मूळची अमेरिकेतील. तेथील हमिंगबर्ड नामक पक्षी अमेरिका खंडाबाहेर आढळत नाही. आपल्याकडे फुलांतील रस पिणारा पक्षी म्हणजे शिंजीर. हमिंगबर्ड अधांतरी राहून रस पितो. शिंजीर बहुधा डहाळीवर बसूनच पितो. सबब बाटली ठेवणेच असेल तर तीस बसावयास काडी हवी.

पाण्याचे प्रमाण असे : एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, उकळून पुरते निववावे. गूळ, मध अथवा रंग मुळीच घालू नये. मध पाण्यात लवकर आंबतो व त्यास बुरशी धरते. आपल्या उष्ण हवेत हे पाणी रोज बदलावे, व बाटली आणि तोटी गरम पाण्याने, कुंचल्याने घासून, धुऊन वाळवावी. ज्यास हा नेम पाळवणार नाही त्याने बाटली टांगूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय केवळ साखरेवर या पक्ष्याचा संसार चालत नाही. पिलांस तो किडे व कोळी भरवितो. म्हणजे तो शेतकऱ्याचा सोबतीच आहे. मात्र बांधावरचा पांगारा व धायटी तोडावयाची, फुलांवर विषारी औषधे फवारावयाची, आणि मग ओसरीला बाटली लावावयाची, हा कोठला न्याय?

कित्येक बागाईतदार म्हणतात की, शिंजीर आंब्यावर बांडगूळ पसरवितो. बांडगुळाच्या फुलांवर तो येतो हे खरे. पण त्याची फळे खाऊन चिकट बी फांदीला लावणारा पक्षी मुख्यत्वे फुलटोच्या होय. बांडगूळ अवश्य छाटावे, शिंजिरास दोष देऊ नये.

पावसाच्या आरंभी पांगाऱ्याची फांदी बांधावर रोवली असता सहज जगते. तिच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीस नत्र मिळते आणि उन्हाळ्याच्या तोंडी तांबडी फुले येतात. घराशेजारी जास्वंद लावावी. या भांड्यांस घासणे नको, साखरेचा खर्च नको. वाचकांनी येत्या मृगात एक तरी फांदी रोवून पाहावी, इतकीच विनंती आहे.