फोन आपला, तर परवानगीही आपलीच हवी



नवा फोन खोक्यातून काढून चालू करा. आपण न मागितलेली कितीतरी ॲप्स त्यात आधीच बसलेली असतात: खेळांची, खरेदीची, बातम्यांची, कर्ज देणारी. काही काढता येतात, काही काढायला गेलो तर ‘काढा’चे बटणच सापडत नाही. ॲपवाल्या कंपन्या या जागेसाठी फोन बनवणाऱ्यांना पैसे मोजतात. फोन स्वस्त मिळाल्याचा आनंद आपल्याला होतो, पण त्याच्या किमतीचा एक हिस्सा आपण आपल्या माहितीच्या रूपाने चुकता करत असतो आणि तो कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो.

हे केवळ जागा अडवण्यापुरते असते तर हे आवाहन करण्याची गरज नव्हती. आपण स्वतः घेतलेले ॲप संपर्क, मायक्रोफोन किंवा ठिकाण पाहण्यापूर्वी आपल्याला विचारते. फोनच्या मूळ सिस्टिममध्ये बसवलेल्या ॲपला मात्र अशा परवानग्या कारखान्यातच देऊन ठेवता येतात. मग पडद्यावर प्रश्नच येत नाही, त्यामुळे नकार देण्याची संधीही मिळत नाही.

याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेतील क्रिप्टोवायर या सुरक्षा कंपनीने ब्लू कंपनीचे स्वस्त अँड्रॉइड फोन तपासले. त्यांत शांघायच्या ॲडअप्स कंपनीचे, फोन अपडेट करण्याच्या कामाचे सॉफ्टवेअर होते. ते लोकांच्या मेसेजचा मजकूर, कॉलची नोंद आणि संपर्कांची यादी गुपचूप चीनमधल्या सर्व्हरवर पाठवत होते. ब्लूच्या सुमारे १ लाख २० हजार फोनवर हे घडले. एकाही ग्राहकाला त्याबद्दल विचारलेले नव्हते.

आपल्या देशातही २०१८ च्या ऑगस्टमध्ये असंख्य लोकांना आपल्या संपर्क यादीत आधार क्रमांक देणाऱ्या ‘यूआयडीएआय’च्या नावाने एक हेल्पलाइन क्रमांक दिसला. तो कोणी साठवला हे कोणालाच ठाऊक नव्हते. फोन सुरू करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो २०१४ मध्ये आमच्याकडून नकळत टाकला गेला, असे गूगलने मान्य केले. क्रमांक निरुपद्रवी होता. पण आपल्या फोनमध्ये आपल्या नकळत काहीही ठेवता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये ९० दिवसांत आधीच बसवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. हरवलेला फोन बंद करणे, आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहणे, ही या ॲपची कामे उपयोगीच आहेत. आक्षेप सक्तीला होता. आदेशाची बातमी फुटताच देशभर आवाज उठला आणि ३ डिसेंबरला सरकारने ती सक्ती मागे घेतली. लोक बोलले म्हणून हे घडले, ही गोष्ट विसरू नका.

कायदाही आपल्या बाजूने येतो आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने, माहिती देऊन, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीने घेतलेली असावी. डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने संपर्क यादी मागितली आणि आपण होकार दिला, तरी त्या कामाला यादी लागत नसल्याने तो होकार यादीपुरता धरला जाणार नाही, असे उदाहरण या कायद्यातच आहे. संमतीची विनंती मराठीत वाचण्याचा पर्यायही त्याने दिला आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, मात्र संमतीच्या तरतुदी लागू करायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. त्या कागदावर राहतात की पाळल्या जातात, हे आपण किती जागरूक राहतो यावर ठरेल.

म्हणून आजच एवढे करा. सेटिंग्जमध्ये ॲप्सची पूर्ण यादी उघडा. नको असलेले ॲप काढा, काढता येत नसेल तर बंद करा. सिस्टिमचे अनोळखी नाव दिसले तर आधी चौकशी करा, मगच हात लावा. मायक्रोफोन, ठिकाण, संपर्क आणि मेसेज कोणकोणती ॲप्स वापरतात ते पाहा आणि कारण पटले नाही तर परवानगी रद्द करा. आपला फोन झाला की घरातल्या आजी-आजोबांचा फोन त्यांच्या शेजारी बसून तपासा.

नवा फोन घेताना दुकानदाराला विचारा: यात आधीपासून काय आहे आणि त्यातले काय काढता येते? उत्तर मिळाले नाही तर दुसरा फोन बघा. फसवणूक झाली असे वाटले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आपल्या खासदारांना पत्र लिहा आणि तीन गोष्टी मागा: फोन चालवायला अत्यावश्यक नसलेले प्रत्येक ॲप काढता आले पाहिजे, आधी बसवलेल्या ॲप्सची यादी खोक्यावर छापली पाहिजे आणि प्रत्येक परवानगी मराठीत, वेगवेगळी विचारली पाहिजे.

आपण गप्प राहिलो तर त्या गप्प बसण्यालाच होकार मानले जाईल. तेव्हा बोला, विचारा आणि आपला फोन आजच तपासा.