तीन तासांचा लेखनिक, वर्षभराची वही

फेब्रुवारी लागला की मोबाइलवर संदेश फिरू लागतात: बारावीच्या अंध विद्यार्थ्याला लेखनिक हवा, पेपर अमुक तारखेला, लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा. लोक धावून येतात, मुले आनंदाने नावे देतात. मराठी समाजाची ही चांगली सवय आहे. पण पेपर संपतो, लेखनिक घरी जातो आणि जूनमध्ये तोच विद्यार्थी पुढच्या वर्गात एकटा जाऊन बसतो. फळ्यावर काय लिहिले आहे हे सांगायला शेजारी कोणी नसते.

2025 हे साल घडामोडींचे गेले. मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय सरकारला मागे घ्यावा लागला आणि सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्याचे कंबरडे मोडले. वर्षभर टोचत राहिली ती मात्र वर्गातल्या त्या शेजारच्या जागेची गोष्ट.

परीक्षेपुरती व्यवस्था नियमांनी बांधून दिली आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी तासामागे किमान 20 मिनिटे जादा दिली. 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 40 टक्क्यांखालील दिव्यांगत्व असलेल्यांनाही लेखनिक नाकारता येणार नाही असे बजावले. 2016 चाच अधिनियम शिक्षणसंस्थांना प्रत्येकाच्या गरजेनुसार साहाय्य द्यायला सांगतो. पण तासाला टिपणे कोण घेणार, हा प्रश्न बहुतेक महाविद्यालयांत कोणी विचारतच नाही. विद्यार्थ्याला जे ठाऊक आहे तेच लेखनिक लिहू शकतो. वर्षभर हाती टिपणे नसतील तर त्या तीन तासांत तो लिहिणार काय?

अडचण प्रत्येकाची निराळी. कर्णबधिर मुलगी शिक्षकांच्या ओठांकडे पाहून समजून घेते; लिहायला मान खाली घातली की पुढची दोन वाक्ये गेली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला लिहिता येते, पण शिकवण्याच्या वेगाने नाही. अंध मुलगा सगळे ऐकतो, मात्र अर्थशास्त्राचे सर फळ्याकडे बोट करून 'ही रेषा अशी खाली येते' म्हणतात तेव्हा त्याच्या हाती काहीच लागत नाही. टिपणे घेणारा तिथे लिहितो: आडव्या अक्षावर मागणी, उभ्या अक्षावर किंमत, वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. एका ओळीत आख्खी आकृती पोचते.

वहीचा फोटो काढून पाठवला की काम झाले, असे पुष्कळ मित्रांना मनापासून वाटते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरसाठी तो फोटो म्हणजे फक्त चित्र. एनव्हीडीए हे ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी घडवलेले मोफत सॉफ्टवेअर मराठी वाचून दाखवते, पण मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या फॉन्टमधले पान ते अर्थहीन चिन्हांसारखे वाचते. म्हणून टिपणे त्याच संध्याकाळी युनिकोडमध्ये टाइप करायची. फोनवर मराठीत बोलून टाइप करता येते, त्यामुळे काम पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही. दिव्यांग वाचकासाठी पुस्तकातली पाने अशी उतरवून देण्याची मोकळीक 2012 पासून स्वामित्वहक्क कायद्यातच आहे.

का. र. मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीत वाचतो. स्वागत थोरात यांनी 2008 मध्ये 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक सुरू करून न पाहणाऱ्या वाचकालाही वाचनाचा तेवढाच हक्क असल्याचे दाखवून दिले. तो हक्क क्रमिक अभ्यासापाशी येऊन थांबावा, हे आमच्या या दिवाळी अंकाला मान्य नाही.

उपाय महाविद्यालयाच्या आवारातच आहे. 1969 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास काम करायचे असते. ते स्वच्छता, वृक्षारोपण आणि फेऱ्यांत जातात. तीही कामे गरजेची. पण वर्गात स्वयंसेवक बसलेलाच असतो. टिपणे टाइप करण्याचा वेळ त्या 120 तासांत धरला तर नवा निधी लागणार नाही. एका विषयाला दोघे असावेत, एक गैरहजर असला तरी खंड पडू नये. आणि काय हवे, कसे हवे, हे आधी त्या विद्यार्थ्यालाच विचारावे. भर वर्गात त्याचे नाव पुकारून मदतीचे आवाहन करणे हा त्याचा अपमान आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरे सत्र सुरू होईल. ज्यांच्या घरी महाविद्यालयात जाणारे मूल आहे त्यांनी हा मजकूर त्याच्या हाती द्यावा. प्राचार्यांनी आणि योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात टिपणे घेणाऱ्यांची नोंदणी करावी, फेब्रुवारीची वाट पाहू नये.