खोल चावा व वाढीचे वय

आईबापहो, मुलास दाढा मिटून ओठ विलग करावयास सांगा आणि त्याचे पटाशीचे दात पाहा. वरच्या दातांनी खालच्यांचा सुमारे एक तृतीयांश, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर, भाग झाकावा हे योग्य. खालचे दात जवळजवळ दिसेनासेच होत असतील तर त्यास खोल चावा म्हणतात. हा दोष केवळ रूपाचा नव्हे. तो तीव्र असल्यास खालचे दात टाळूस रुततात, हिरडी दुखावते आणि दात झिजत जातात.

यावर उपाय दोन प्रकारचे. वाढत्या मुलाच्या टाळूवर काढता-घालता येणारी एक पट्टी बसवितात. तिला पुढच्या दातांमागे सपाट ओटा असतो. खालचे दात त्यावर टेकले की दाढांमध्ये फट राहते, आणि दाढा हळूहळू वाढून ती भरून काढतात. येथे खरे काम पट्टीचे नव्हे, मुलाच्या वाढीचे असते. म्हणूनच ती सहसा जेवतानाही तोंडात ठेवावयाची असते.

हसताना वरची हिरडी फार दिसत असेल, तर दाढा वाढवून भागत नाही. अशा वेळी दातांना तारा बांधून हलक्या, सतत दाबाने पुढचेच दात हाडात मुळांकडे सरकवितात. प्रौढांच्या जबड्याच्या हाडातच दोष असल्यास कधी शस्त्रक्रियाही लागते. कोणता उपाय कोणास, हे तज्ज्ञानेच ठरवावे.

“दुधाचे दात पडले की आपोआप सुधारेल”, “मुलीचे लग्न ठरताना पाहू”, असे म्हणण्यात वाढीचे वय निघून जाते आणि सोपा उपाय हातचा सुटतो. पक्के दात येऊ लागले की, सातव्या-आठव्या वर्षी, एकदा तपासून घ्यावे.

बेळगावात के. एल. ई. संस्थेचे दंतमहाविद्यालय १९८५ पासून आहे. मराठा मंडळाचेही आहे. निपाणीहून तेथवर सुमारे ७५ किलोमीटर. तंबाखूच्या कामावरील आईचा प्रत्येक खेपेस रोज बुडतो, हे खरे. म्हणून पहिल्याच भेटीत खर्च किती, खेपा किती, हे स्पष्ट विचारावे. एकदा आरंभ केल्यावर मात्र मध्येच सोडू नये. तारा निघाल्यावरही दात पूर्वस्थानी परतू पाहतात. त्यांना आवरणारी पट्टी सांगितले तितके दिवस वापरावी.