रद्दीतला खजिना

मुलांनो, आज आधी एक कबुली देते. मागच्या महिन्यात गणिताच्या तासाला माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा पुस्तकात पुस्तक लपवून वाचत होता. फाटक्या मुखपृष्ठाची रहस्यकथा! मी ती काढून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही असली रद्दी वाचतोस?" त्याचं तोंड एवढंसं झालं. पुस्तक माझ्या कपाटात गेलं. तेव्हापासून तो वाचनाच्या तासाला नुसता खिडकीबाहेर बघत बसू लागला.

मग मला एक गोष्ट आठवली. तीच आज सांगते.

अमेरिकेत १८८२ साली फ्रँक मन्सी या माणसाने मुलांसाठी एक साप्ताहिक काढलं, 'गोल्डन अर्गोसी'. अर्गोसी म्हणजे मालाने भरलेलं मोठं जहाज. पुढे ते मोठ्यांचं झालं. १८९६ मध्ये मन्सीने ठरवलं, की अंकात फक्त गोष्टीच छापायच्या आणि त्याही अगदी स्वस्त, खरखरीत कागदावर. हा कागद लाकडाच्या लगद्याचा. लगद्याला इंग्रजीत म्हणतात पल्प, म्हणून अशा मासिकांचं नावच पडलं 'पल्प'. किंमत फक्त १० सेंट!

मग काय, अशा मासिकांचा पूरच आला. हेरांच्या गोष्टी, चाच्यांच्या गोष्टी, भुताखेतांच्या गोष्टी. १९२६ च्या एप्रिलमध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी फक्त विज्ञानकथांचं 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापली जात. मग वाचक एकमेकांना पत्रं लिहू लागले, भेटू लागले, त्यांची मंडळं निघाली.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका दुकानात ही मासिकं विकायला असत. दुकानदाराचा मुलगा ती वाचायला टपलेला, पण वडील म्हणत, "या फालतू गोष्टी वाचायच्या नाहीत." १९२९ साली 'सायन्स वंडर स्टोरीज' आलं. मुलगा हुशार! त्याने वडिलांना नाव दाखवलं, "बघा, यात सायन्स आहे!" वडिलांनी परवानगी दिली. तो मुलगा म्हणजे आयझॅक असिमोव्ह. १९३९ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याची पहिली कथा 'अमेझिंग स्टोरीज'मध्येच छापून आली. पुढे ते जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, जगप्रसिद्ध लेखक झाले.

त्या मासिकांत सगळं चांगलंच होतं असं नाही हं! शब्दांवर पैसे मिळायचे, म्हणून पुष्कळदा घाईघाईने लिहिलेलं असे. परक्या देशांतल्या माणसांना वाईट रंगवलेलं असे. ते ओळखायलाही वाचूनच शिकावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेना. नंतर स्वस्त पुस्तकं, कॉमिक्स आणि टीव्ही आले. १९५० च्या दशकाअखेर ही मासिकं जवळजवळ संपली. पण चाहते विसरले नाहीत. १९७२ साली सेंट लुइसला 'पल्पकॉन' हे त्यांचं संमेलन भरलं. २००९ पासून 'पल्पफेस्ट' भरू लागलं. कागद तांबूस पडलेला, हात लावला तर तुकडा पडेल असा. तरी लोक तो जिवापाड जपतात!

पालकांनो, आपल्याकडेही बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडने कित्येकांना वाचनाची गोडी लावलीच की!

तर मुलांनो, मी ते पुस्तक त्या मुलाला परत दिलं आणि सगळ्यांसमोरच म्हणाले, "बाईंचं चुकलं. सांग बघू, पुढे काय झालं?" तो उभा राहून धडाधड सांगू लागला. सारा वर्ग गप्प! ऐन रंगात येऊन तो थांबला. म्हणाला, "बाई, शेवटची दोन पानं फाटलीत."

मग आम्ही सगळ्यांनी वहीत शेवट लिहिला. अडतीस मुलं, अडतीस शेवट. त्याचा तर पाच पानांचा!

गणिताच्या तासाला मात्र गणितच करायचं बरं का!

तुमच्या बाई