सातपाटीहून दक्षिणेला: लाँच आधी की गाळ आधी?

दिवाळी सरली की सातपाटीच्या खाडीबाहेरचा समुद्र दक्षिणेला जाणाऱ्या बोटीच्या बाजूचा होतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारनंतर तो वायव्येकडून येऊ लागतो. दोन्ही वारे मुंबईकडे निघालेल्याला सोयीचे. या किनाऱ्याला भरतीचं पाणी खंबातच्या आखाताकडे, म्हणजे उत्तरेला चढतं आणि ओहोटीचं दक्षिणेला उतरतं. भरती पुरी भरल्यावर खाडीचं तोंड ओलांडलं, तर पुढचे पाच-सहा तास प्रवाहही बोटीला पुढेच नेतो. शिरगाव, माहीम, केळवे, दातिवरे, अर्नाळा, वसई, उत्तन, मढ, वर्सोवा अशी गावं डाव्या हाताने मागे पडत जातात. मग हा मार्ग फक्त मासळीच्या बोटींनाच का? कार्तिक ते वैशाख एवढ्या काळापुरती तरी सातपाटीहून मुंबईला प्रवासी लाँच का सुटू नये?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विरार-डहाणू पट्ट्यात अजून रेल्वेच्या दोनच मार्गिकांवर लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या एकमेकींना वाट देत धावतात. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, लोकवस्ती वाढली. चौपदरीकरण मात्र अजून पुरं व्हायचंय. महामार्गावर घोडबंदरच्या आसपास किती वेळ जाईल हे कोणी सांगू शकत नाही. आणि या किनाऱ्याने कधीकाळी खरोखर पाण्यावरूनच कारभार केला. इथल्या किल्ल्यांच्या जागा पाहा: शिरगाव, केळवे, दातिवरे, अर्नाळा, वसई, जवळजवळ प्रत्येक खाडीच्या तोंडाशी एक पहारेकरी. पोर्तुगीजांची वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली, पण त्याआधी माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी एकेक करून पाडावी लागली, कारण वसईची रसद समुद्राने यायची.

तरी एक गोष्ट विसरली जाते. मुंबईच्या दक्षिणेला, रत्नागिरी-विजयदुर्गकडे, आगबोटी वर्षानुवर्षं चालल्या. आपल्याकडे तशी परंपरा रुजली नाही, कारण आपल्याकडे आगगाडी एकोणिसाव्या शतकाच्या साठीतच आली. कोकणच्या चाकरमान्याला बोटीशिवाय गत्यंतर नव्हतं म्हणून बोट टिकली. पालघरच्या माणसाला गाडी आहे. गर्दीची आहे, उशिराची आहे, पण चर्चगेटला दोन-सव्वादोन तासांत पोहोचवते. सातपाटी ते भाऊचा धक्का हे अंतर कुलाब्याला वळसा घालून शंभर किलोमीटरच्या आसपास भरतं. मासळीच्या बोटीच्या चालीने त्याला सहा-सात तास हवेत. वेगवान बोट आणली तर वेळ निम्म्याहून कमी होईल. मग तिकीट असं असेल की ते परवडणारा माणूस सातपाटीला राहत नसेल.

भाड्याइतकाच प्रश्न आडोशाचाही आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दर शरदात शेकडो लहान बोटी व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून फ्लोरिडाकडे निघतात. तिथे किनाऱ्याला समांतर, वाळूच्या बेटांच्या आडोशाने जाणारा आतला जलमार्ग आहे आणि त्याची खोली राखण्याचं काम सरकारी अभियंते करतात. आपल्याकडे केरळात कोल्लमपासून उत्तरेला तसं आतलं पाणी आहे. १९९३ मध्ये त्याला राष्ट्रीय जलमार्गाचा दर्जाही मिळाला. सातपाटीपुढे मात्र उघडा अरबी समुद्र. आडोसा मिळतो तो थेट वसईच्या खाडीत शिरल्यावर. तिथून घोडबंदर, ठाणे करत मुंबई बंदरात उतरता येतं आणि कागदावर हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ मध्ये येतो. पण तिथेही पूल आणि गाळ आहेत. शिवाय कार्तिकातला समुद्र शांतच असतो, हा भरवसा नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाने मोडला. जानेवारी २०१८ मध्ये तर ऐन शांत हंगामात डहाणूच्या किनाऱ्यासमोर विद्यार्थ्यांनी भरलेली बोट उलटून तीन मुली गेल्या. लाटेपेक्षा जास्तीची माणसं आणि जॅकेटांची हेळसांड अधिक घातक ठरते.

यापेक्षाही मोठी अडचण घराजवळ आहे. सातपाटी आणि मुरब्याच्या मधली खाडी गाळाने भरत आली आहे. तोंडाशी वाळूचा उंचवटा. ओहोटीला पाणी इतकं उतरतं की भरलेली बोट बाहेर नांगर टाकून भरतीची वाट पाहते. गुजरातकडे सरकावं तसतसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो, त्यामुळे इथला ताण मुंबईपेक्षा जास्त. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाहून अधिक पुढे सरकते. आज पहाटे पाचला सुटलेली लाँच पुढल्या आठवड्यात सकाळी दहाला सुटेल, भांगाच्या दिवसांत पाणी आणखीच कमी. कामावर जाणाऱ्याने असं वेळापत्रक कशाला पाळावं?

आणि हे पाणी रिकामं नाही. पापलेटचा हंगाम हाच. सातपाटीचं नाव ज्या माशाने झालं, ज्याला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला, त्याच्यासाठीची जाळी याच महिन्यांत रात्रभर पाण्यात तरंगत असतात. शिवाय वसई-उत्तनकडच्या डोलकरांनी उत्तरेला ठोकलेल्या कवींचा, म्हणजे डोल जाळी बांधायच्या खुंटांचा, वाद आपल्या किनाऱ्याला नवा नाही. कवींच्या दाटीतून अंधारात वाट काढणं तांडेलालाही जड जातं. त्यात वेळेच्या घाईत असलेली प्रवासी लाँच आली, तर तिच्या पंख्यात आधी कोणाची तरी जाळीच येतील. वाढवणला बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे. मोठी जहाजं वाढणार, मासेमारीला मोकळी जागा घटणार. अशा वेळी कोळी-मांगेल्यांच्या समुद्रावर आणखी एक भागीदार बसवायचा असेल, तर त्यांना आधी विचारायला हवं. या किनाऱ्याला आधी ठरवून मग विचारण्याची सवय पुष्कळ झाली आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल की लाँचची कल्पना गुंडाळूनच ठेवावी. तसंही नाही. एप्रिल २०२५ पासून विरारच्या मारंबळपाडा आणि सफाळ्याकडच्या जलसार यांच्यामध्ये रो-रो सुरू झाली. रस्त्याने सुमारे साठ किलोमीटरचा फेरा. पाण्याने जेमतेम दीड किलोमीटर. त्याआधी २०२४ मध्ये वसई-भाईंदर सुरू झाली होती. या दोन्ही फेऱ्यांचं गणित आगगाडीशी स्पर्धा करण्याचं नाही. जिथे पूल नाही, जिथे रस्ता महामार्गापर्यंत उलटा जाऊन परत येतो, तिथे त्या उपयोगी पडतात. वैतरणेच्या मुखावर दातिवरे आणि अर्नाळा समोरासमोर आहेत. दातिवऱ्याहून रस्त्याने अर्नाळ्याला जायचं तर सफाळे, वरई, महामार्ग आणि मग विरार. दक्षिणेचा जलप्रवास आपल्याकडे असाच, खाडीमागून खाडी ओलांडत, तुकड्यांनी जोडला जाऊ शकतो. ज्याला हौस आहे त्याने सगळे तुकडे जोडून मुंबईला जावं. ज्याला काम आहे त्याने आपला एक तुकडा वापरावा.

मासळीवाल्या बायकांचं यात काही भलं होईल का, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. आज त्या पाट्या घेऊन लोकलच्या सामानाच्या डब्यात चढतात. सातपाटी ते भाऊचा धक्का ही लाँच त्यांना नको. त्यांचं गिऱ्हाईक पालघर, बोईसर, विरार, बोरिवलीत पसरलंय, धक्क्यावर नाही. बर्फाच्या पेट्या भरलेला टेम्पो खाडीपार नेणारी रो-रो मात्र हवी. तिचं भाडं माणसाइतकंच पाटीलाही परवडेल असं ठेवलं, तर ही सोय फक्त शनिवार-रविवारी केळव्याला जाणाऱ्या मोटारींची राहणार नाही. केळव्याच्या पर्यटनाला माझा विरोध नाही; घरगुती खानावळींवर तिथली बरीच कुटुंबं उभी आहेत. पण भाडं ठरवताना पहिला विचार त्यांच्या पाहुण्यांचा नसावा.

म्हणून पैसा कुठे आधी जावा, यावर माझं मत स्पष्ट आहे: सातपाटीच्या खाडीतला गाळ काढण्यावर आणि तो पुन्हा साचू नये म्हणून दर हंगामाला काम करण्यावर. एकदा उपसून फोटो काढला की पुढच्या पावसाळ्यात नद्या आणि समुद्र मिळून तो परत भरतात. मार्गिकेवर दिवे लावलेले बोये हवेत, तेही जून-जुलैची मासेमारी बंदी उठण्याआधी जागेवर. या खर्चाचा फायदा पहिल्या दिवसापासून मच्छीमार बोटींना होतो. भरतीसाठी बाहेर थांबलेल्या बोटीतलं डिझेल, बर्फ आणि मासळीचा ताजेपणा तिथेच वाचतो. असा मार्ग दोन-तीन हंगाम टिकला आणि ओहोटीच्या तळाशीही त्यात बोट तरंगू लागली, तर प्रवासी लाँचचा प्रस्ताव पुन्हा मांडता येईल. तोवर नव्या धक्क्याची निविदा काढण्याआधी मेरिटाइम बोर्डाने सातपाटीच्या दोन्ही मच्छीमार सोसायट्यांसमोर खाडीच्या खोलीची मोजणी ठेवावी, भरतीच्या वेळची नव्हे, ओहोटीच्या वेळची.